सौमित्रदादांच्या डाव्या खांद्यामागची जागा

त्रिशूर, केरळ
रविवार, १२ डिसेंबर २००४

मित्रवर्य धम्मपाल यास पिराजीचा जय भीम. तुझ्या अण्णांस आणि आईस नमस्कार.

मी हिकडं सुखरूप हाय. जेवण जातंय, झोप लागतीया, आणि तुझ्याविषयी माझ्या मनात कायबी न्हाय. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढं लिहायला जागा उरंल का न्हाय सांगता येत न्हाय. तुझी तब्येत विचारायची रीत हाय म्हणून विचारतो. चांगलीच असणार. माणसाला दुसऱ्याची जागा आयती मिळाली की अंगावर मूठभर मांस चढतंयच, दिवाळीत बघितलं की मी. अण्णांचा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का? रेडी झाली असंल तर बरं. रेडा झाला असंल तर त्याला पिराजी म्हणून हाक मारू नका, आधीच सांगतो.

मामाच्या गलाईच्या दुकानात माझं बरं चाललंय. (आपल्या वडगावात सगळ्यांना वाटतंय मी सोनार झालोय. सोनार न्हवं. सोनारांच्या दुकानातला केर, राख, मोडतोड आमच्याकडं येते, ती भट्टीत गाळून चोख सोनं काढून द्यायचं, ही गलाई.) सहावीत दोनदा बसलेल्या माणसाच्या हातात दिवसभर सोनं असतंय, आणि संध्याकाळी गणपतरावमामा सख्ख्या भाच्याची नखं ब्रशानं घासतो, ते पाणीसुद्धा बाटलीत भरून ठेवतो आणि मग घरी सोडतो. घर म्हणजे वरचा माळा. तिथं बसून हे लिहितोय.

तर शिरोलीत सौमित्रदादांच्या पॅटर्नशॉपात मी चार वर्षं काढली, हे तुला नव्यानं सांगायला नको, पण सांगतो, कारण तिथं आता कुणाला आठवत नसंल. फौंड्रीवाल्यांसाठी लाकडाचे नमुने कोरायचे हे पोटाचं काम, आणि रविवारी दादांचं रिमोटचं विमान शियेच्या माळावर न्यायचं हे खरं काम. त्या विमानाच्या पंखातल्या बावीसच्या बावीस फासळ्या मी कापल्यात. आणि विमान वर गेलं की दादांच्या डाव्या खांद्यामागं मी उभा. उडवणाऱ्याला विमानावरची नजर काढता येत न्हाय, म्हणून पुढची कसरत कुठली ते मागच्यानं कानात सांगायचं. मी सांगायचा आणि दादांची बोटं ऐकायची. आमच्यात कागद न्हवता. लूपला मी गोल म्हणायचा, रोलला लोळण, स्पिनला भोवरा, आणि विमान पाठीवर पडून उडायला लागलं की उताणं. चार वर्षांत दादांनी मागं वळून 'काय म्हणालास?' असं एकदाबी विचारलं न्हाय. लग्न झालेल्या माणसांतबी इतकं ऐकणं-सांगणं मी बघितलेलं न्हाय.

मग माझं चित्त ठरंना. (माझं चित्त कुठंच ठरत न्हाय. मास्तरांनी सहावीत दोनदा बसवून बघितलं, तरी ठरलं न्हाय.) मामाचं बोलावणं आलं आणि मी निघालो. निघताना वाटलंतं, दादा विमान खुंटीला टांगतील आणि म्हणतील, पिराजी येईपर्यंत ऱ्हाऊ दे. त्यांनी तसं केलं न्हाय. आणि शॉपात तुला चिकटवला कुणी? मीच. 'दादा, माझा दोस्त हाय, आयटीआय झालाय, दोन महिने बघा,' हे माझंच तोंड. त्या तोंडाला आता मी रोज केळ्याचे वेफर घालून गप्प बसवतोय.

दिवाळीला आलो तो आईला भेटायला आलो, असं मी सगळ्यांना सांगितलंतं. घरात पिशवी टाकली, आईच्या पाया पडलो आणि चहा व्हायच्या आत माळावर. बघतो तर माझ्या जागेवर तू. डोक्यावर दादांची टोपी, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमटा, चिमट्यात कागद, आणि कागदावर जानेवारीतल्या स्पर्धेच्या बारा कसरती, चित्रं काढून. 'स्टॉल टर्न, दादा. नेक्स्ट, हाफ रिव्हर्स क्यूबन.' अरे, हा माळ हाय का मामलेदार कचेरी? आणि दादा ऐकतायत! विमान सरळ रेघ मारून वर गेलं, थांबलं, अलगद वळलं आणि त्याच रेघेनं खाली आलं. चांगलं आलं. (वारा चांगला होता.) दादांचा टिप्या कुत्रा, ज्याला मी चार वर्षं माझ्या चहातली बिस्किटं घातली, तो तुझ्या बुटावर हनुवटी टेकून झोपलेला. मला बघून त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. कुत्र्याचं मी मनाला लावून घेतलं न्हाय.

बरं, मी काय मोकळ्या हातानं आलो न्हवतो. ह्या इंजिनाला पेट्रोल चालत न्हाय, स्पिरिटात एरंडेल मिसळून पाजावं लागतंय. दादांसाठी एक नंबर एरंडेल न्यावं म्हणून मी हिकडं वैद्याच्या दुकानात गेलतो. मला मल्याळम येत न्हाय आणि त्याला मराठी येत न्हाय. म्हणून मी पोट धरलं, कपाळाला आठ्या घातल्या, उकिडवा बसलो, आणि मग उठून हात पसरून मोकळं हसून दाखवलं. दुकानातल्या चार बायका बाहेर गेल्या. दुकानदाराला मात्र झटक्यात कळलं. त्यानं दिलं तेबी एरंडेलच होतं. फक्त त्यात सुंठ आणि देव जाणे कुठल्या कुठल्या मुळ्या उकळलेल्या, आणि ते सगळं बाटलीवर लिहिलेलं, मल्याळममध्ये. माळावर ते इंजिनाच्या पोटात गेलं. इंजिन दोनदा शिंकलं, हिरवट धूर सोडला, अख्ख्या माळावर आयुर्वेदिक दवाखान्याचा वास सुटला आणि जाम बसलं. दादांनी प्लग काढला तर आत काढा. आणि तू काय म्हणालास? 'दादा, आता इंजिनाला दोन दिवस मऊ भात द्या.' दादा डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले. (त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलं न्हाय. इंजिनाला भात कशाला?) मी चार वर्षांत दादांना शंभर गमती सांगितल्या असतील, त्यांनी नुसती मान हलवली.

इंजिन साफ करता करता दादाच म्हणाले, ऱ्हाऊ दे रे, मुद्दाम केलं न्हाईस. आणि रविवारी एक फेरी तू सांग, जुन्या आठवणीला. 'जुन्या आठवणीला' हे मला झोंबलं. जुनी आठवण मेलेल्या माणसाची काढतात. पण म्हटलं, थांबा. एकदा माझा आवाज दादांच्या कानात पडू दे, मग बघू स्पर्धेला मागं कोण उभं ऱ्हातंय. तुझा कागद मागितला असता तर तू दिला असतास, म्हणून मागितला न्हाय. तुझ्या दोन फेऱ्या ऐकून बाराच्या बारा पाठ केल्या आणि माझ्या भाषेत लावून घेतल्या.

हातात छोटं विमान धरून चालत चालत कसरती घोकायच्या, ही उडवणाऱ्यांची रीतच हाय. माझ्याकडं विमान न्हवतं, म्हणून आईचा कालथा घेतला आणि अंगणात सुरू केलं. गोल. लोळण. उताणं. भोवरा, तीन वेढे. तिसऱ्या वेढ्याला शेजारच्या बयाबाई दारात उभ्या. 'अगं तानाबाई, पोरगं मल्याळी मुलखात गेलतं न्हवं? बघ की, गरागरा फिरतंय! बाधलंय गं!' आईनं लगोलग मीठमोहऱ्या आणि मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला न्हाय, म्हणजे बाधा पक्की ठरली. (ठसका कसा लागणार? सर्दीनं तिघांची नाकं बंद होती.) बयाबाईंच्या सांगण्यावरनं कालथा पिंपळाखाली पुरला. मग रविवारपर्यंत आईनं भाकऱ्या हातानं उलथल्या आणि दर भाकरीला मला एक शिवी घातली.

रविवारचं तुला सांगायची गरज न्हाय, तू तिथंच होतास. तरी लिहितो, कारण तू जिथं उभा होतास तिथनं नीट दिसलं नसंल. मी दादांच्या डाव्या खांद्यामागं, तू दहा पावलं लांब, पुठ्ठा काखेत. पहिल्या सात कसरती अशा झाल्या की विचारू नको. मी गोल म्हणायच्या आत गोल. मला वाटलं, मी गेलोच न्हवतो. आठवी उताणं. माळाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत पाठीवर पडून सरळ जायचं. आणि तेवढ्यात वारा आला, पंचगंगेकडनं, खालच्या अंगानं, एकदम. विमान धोंडीरामअप्पांच्या उसात.

बारा फुटी ऊस. आपण तिघं आत शिरतोय तोवर अप्पा विळा घेऊन बांधावर.

'पावणं, काय पडलं वो?'

तू म्हणालास, 'विमान पडलंय, अप्पा.'

'अरं देवा! आत माणसं किती हाईत?'

'माणसं न्हाईत, रिमोटचं हाय.'

'मग रिमोटनंच भाईर काढा की! माझा ऊस कशाला तुडिवतायसा?'

डावा पंख सापडला. उजवा तीन सऱ्यांत वाटून गेलेला. दादा सरीत उकिडवे बसून एकेक फासळी वेचत होते आणि रुमालात ठेवत होते. आणि तवा तू, कुणी विचारलं नसताना, म्हणालास, 'दादा, चूक माझी हाय. मी मधेच बोललो, त्यात पिराजीचं तुम्हाला ऐकू आलं न्हाय.' तुला कुणी सांगितलंतं मोठेपणा करायला? तू तोंडसुद्धा उघडलं न्हवतंस. वाऱ्यानं पडलेल्या विमानाचा आळ आपल्या अंगावर घेणारा माणूस मला आवडत न्हाय. आणि वर दादांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. चूक केली म्हणून! मी चार वर्षं चुका केल्या न्हाईत, माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला न्हाय.

दुसऱ्या दिवशी, मामाचा निरोप आलाय असं सांगून मी गाडी धरली. (निरोप आला न्हवता. रजा चार दिवस शिल्लक होती. मामा मला बघून म्हणाला, लवकर आलास, कुणाशी भांडलास? मी म्हटलं, वाऱ्याशी.)

तुझ्या पत्रावरनं कळलं की नवा पंख होत आलाय आणि फासळ्या तू कापल्यास. काप. सोळा जानेवारीला पुण्याची, बेळगावची, बेंगळूरची मंडळी येणार, हेबी कळलं. चांगलं हाय. मला त्याचं काय? मला सोनं गाळायचंय. दादांना यश येवो आणि तुला टोपी लाभो. वडीलधाऱ्यांच्या पायांवर माझं डोकं हाय असं समजा. टिप्याला कायबी सांगू नको.

तुझा (अजून तरी) मित्र,
पिराजी

ता. क. वारा न्हवता. त्या दिवशी माळावरचं गवतसुद्धा हलत न्हवतं. उताण्या विमानाला 'वर' म्हणायचं न्हाय, कारण पाठीवर असताना वर ओढलं की ते जमिनीकडं जातंय. उताणं असताना 'ढकल' म्हणायचं, हा नेम मीच घातलेला आणि तुला मीच शिकवलेला. आणि मी 'वर' म्हणालो. विमान बघायचं सोडून मी तुझ्याकडं बघत होतो. तू लांब उभा राहून ओठांतल्या ओठांत पुढचं पुटपुटत होतास, आणि बरोबर पुटपुटत होतास. मान वळवली तर विमान खाली आलेलं, आणि तोंडातनं निघून गेलं. दादांच्या बोटांनी ऐकलं. सवय. हे तुला ठाऊक हाय, तू ऐकलंस, म्हणून तर मधे पडलास. दादांना सांगू नको.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलंतं, परत फोडलं. दादांना सांग. सरळ हे पत्रच वाचून दाखव, उसापासनं पुढचं. टोपीचं आणि कुत्र्याचं वाचू नको. आणि एक. भोवऱ्याचे तीन वेढे हाईत म्हणून तू तिसरा पुरा झाल्यावर 'सोडा' म्हणतोस, म्हणून विमान दरवेळी जरा जास्त फिरून बाहेर पडतंय. अडीचलाच म्हण. दादांचं बोट अर्धा वेढा उशिरा सुटतंय. हे तुझ्या कागदावर न्हाय आणि दादांनासुद्धा ठाऊक न्हाय. मी हे कुणाला सांगणार न्हवतो.

शेवटचं. खरं काम ऱ्हायलंच. तू मोबाईल घेतलास असं आई म्हणाली. (मी कायबी म्हटलं न्हाय.) सोळा तारखेला सकाळी दहापासनं मी खालच्या बूथवरनं तुला फोन लावत ऱ्हाईन. दादांची उडवायची पाळी आली की उचल, बोलू नको, आणि तसाच चालू शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून दादांच्या डाव्या खांद्यामागं उभा ऱ्हा. मला नुसता इंजिनाचा आवाज पायजे, कुठली कसरत चाललीया ते मला त्यावरनं कळतंय. तुमच्या मधे मी एक अक्षर बोलणार न्हाय, आईची शपथ.

तू चुकलास तर फक्त खोकीन.