मास्तरणीने शिकवलेलं

२ सप्टेंबर

आले एकदाची. चार खोकी, नकाशांच्या दोन नळ्या आणि एक कुंडी. कुंडी वाटेत फुटली, रोप मात्र शाबूत आहे आणि सध्या दात घासायच्या मगमध्ये ऐटीत उभं आहे. मुलींच्या वसतिगृहातली तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली मला मिळालीय. खिडकी भली मोठी आहे, कपाटाचं दार काही केल्या लागत नाही, पलंग बसल्या बसल्या कुरकुरतो. पण बाहेर माझी पाटी आहे: ‘निवासी शिक्षिका’. येता-जाता दोनदा वाचली. कुणी बघत नव्हतं.

हा अख्खा मजला वास्तुकलेच्या मुलींचा आहे. एकाच विषयाच्या मुली एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकमेकींना शिकवतात, अशी विद्यापीठाची योजना. तास खाली वर्गात संपतात आणि अभ्यास वर चालू राहतो. मी त्यांच्यात राहायचं, अडलं तर सांगायचं आणि गोंदाच्या डब्याजवळ कुणी मेणबत्ती लावत नाही ना, ते बघायचं. आधीच्या ऑफिसात माझ्या नकाशांवर साहेब स्वतःची सही ठोकायचे. त्या मानाने हा स्वर्गच म्हणायचा.

शिवाय धाकटी इथेच आहे, तिसऱ्या वर्षाला. माझी आई आणि तिचे बाबा यांचं दुसरं लग्न झालं तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मी सतरा. पुढे कितीतरी वर्षं आमच्यातून विस्तव जात नव्हता. मला ती ‘ए’ म्हणायची, तेही बोललीच तर. मग ती या मजल्यावर राहायला आली आणि पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी तिचा आपणहून फोन आला. तेव्हापासून दिवसाआड गप्पा चालू आहेत. आज जिना धडाधड उतरून माझ्या गळ्यात पडली, सगळ्यांसमोर ‘ताई’ म्हणाली, मग जीभ चावून ‘मॅडम’ म्हणाली. माझं काय जातं? मी ताईच.

५ सप्टेंबर

इथली एक पद्धत मला फार आवडली. बैठकीच्या खोलीत एक लांबलचक टेबल आहे. अर्ध्यावर पुठ्ठ्याची घरं, कटर, पट्ट्या. उरलेल्या अर्ध्यावर जेवण. जेवताना प्रत्येकीने उभं राहून सांगायचं, आज मी काय शिकले आणि कुणाकडून. जिचं नाव निघेल तिने ‘पोचलं’ म्हणायचं. बस्स. गोंद (सगळ्यांना चिकटून असते म्हणून हे नाव) म्हणाली, वर्गात डोळे उघडे ठेवून झोपायचं कसं ते पट्टीकडून शिकले. पट्टी ही मजल्याची पुढारी. चालणं ताठ, बोलणं त्याहून ताठ. ती हसली नाही, पण ‘पोचलं’ म्हणाली.

सगळ्या बोलून झाल्यावर मात्र क्षणभर कुणी काही बोलत नाही. सगळ्या मुंड्या खाली घालून ताटात बघतात. मग पट्टी ‘झालं’ म्हणते आणि पुन्हा कलकलाट सुरू. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर मी बसले होते, तिथून पट्टीने मला नम्रपणे उठवलं. म्हणाली, पाय डुगडुगतो. मी नंतर हलवून पाहिली. खुर्ची चांगली भक्कम आहे.

११ सप्टेंबर

व्हरांड्यात मुलींची जुनी चित्रं टाचून ठेवलीत: घरं, पूल, जिने. आज दुपारी बघते तर त्यांतल्या सावल्या नाहीत. भिंती आहेत, झाडं आहेत, सावली तेवढी गेली. खोडलेली नव्हे, खोडरबराची खूण तरी राहिली असती. कागद तिथे कोरा, नवा कोरा. पट्टी म्हणाली, उन्हाने उडतं. फक्त सावल्या उडवणारं ऊन मी अजून पाहिलेलं नाही.

संध्याकाळी गोंद रडकुंडीला आलेली. तिला साध्या खोक्याची सावली टाकता येईना. बाकीच्या हसल्या आणि स्वतः टाकून दाखवायला बसल्या. एकीलाही जमली नाही. मी हात धरून शिकवलं. मुली ऐकतात, मान डोलावतात, आणि हात सोडला की पुन्हा कोऱ्या.

१६ सप्टेंबर

भर दुपारी फाटकासमोरच्या उतारावर पट्टी सायकलवरून पडली. मी खिडकीतच होते. खड्डा नव्हता, गाडी आडवी आली नव्हती. हात हँडलवर, पाय पायडलवर, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही, की हे काय आहे आणि यावर आपण कशा आलो. मग सायकल तिला घेऊन सरळ भिंतीत गेली. खांदा आणि मांडीचं हाड मोडलंय. उचलताना ती एकच सांगत होती, मला सायकल येतच नाही. रोज चालवायची.

धाकटी तिच्याजवळ बसून होती. मी जवळ गेले तर माझी नजर चुकवली.

१८ सप्टेंबर

आज सगळं कळलं. गोंदने सांगितलं, आणि सांगायला तिला अख्खी दुपार लागली, कारण ती कालपासून अडखळतेय. एकेका शब्दाशी झटापट. लहानपणीची सवय, म्हणाली. इथे आल्यावर एका मुलीने घालवली होती. रोज टेबलावर बोटाने ठेका धरून तिला बोलायला लावायची.

ती मुलगी म्हणजे मास्तरीण. तिला सगळं यायचं आणि आलेलं पोटात राहायचं नाही. सावल्या तिने शिकवल्या. पट्टीला सायकल तिने शिकवली. टेबलावर रोज तिचंच नाव निघायचं आणि तिची जागा खिडकीजवळ होती. गेल्या वर्षीच्या शेवटी तिने एका वाचनालयाचा आराखडा केला. पट्टीने आणि इतरांनी तो उचलला, मजल्याचा म्हणून दिला. दोन सारखे आराखडे बघून परीक्षकांनी चौकशी लावली, तेव्हा सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, तिनेच आमचा चोरला. तिला काढून टाकलं. घरी पोचायच्या आधीच तिने जीव दिला. सुट्टीनंतर मुली परत आल्यावर पट्टीने ठरवलं, टेबलावर तिचं नाव घ्यायचं नाही. तिच्याकडून शिकलेलं आपलंच म्हणायचं.

आणि ज्यासाठी तिचं नाव घेत नाहीत ते मास्तरीण परत नेतेय. गोंदला हे कुणी सांगायला नको होतं, आणि मलाही नाही.

खरं लिहू? भीती वाटायच्या आधी मला आनंद झाला. साहेबांची सही आठवली, सत्काराच्या दिवशी माझ्या नकाशापुढे उभं राहून त्यांनी काढून घेतलेला फोटो आठवला. पट्टीचं हाड मोडल्याचं वाईट वाटलं होतं, ते मागे घेते. करावं तसं भरावं. घे बाई, सगळं वसूल कर, एकीलाही सोडू नकोस.

१९ सप्टेंबर

काल जे लिहिलं ते लिहायला नको होतं.

धाकटी स्वतःच आली. ती मास्तरणीच्याच खोलीत राहायची. चौकशीत बाकीच्या नुसत्या हो म्हणाल्या. मास्तरणीला आमचा कागद गिरवताना मी डोळ्यांनी पाहिलं, असं सांगणारी ही एकटीच. खोलीतलीच मुलगी सांगतेय म्हटल्यावर कुणाला शंका येणार? पट्टीने धमकावलं होतं, म्हणाली. रडत नव्हती. आज टेबलाशी उभी राहून सगळं बोलणार आणि मग रेक्टरबाईंकडे जाणार, एवढंच मला सांगायला आली होती.

मी नको म्हटलं. पदवी अर्ध्यावर आलीय, तुला काढून टाकतील, बाबांना काय तोंड दाखवशील, गेलेली मुलगी का परत येणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. कालच्या पानावर न्याय मागणारी मीच ही. दुसऱ्याच्या मुलीचं असलं की कर्माचं फळ, आपल्या धाकटीचं आलं की झाकली मूठ. तिच्यासाठी मी याहून वाईटही वागेन.

गोंदची वाचा आज पूर्ण गेली.

२१ सप्टेंबर

तरी जेवताना धाकटी उठलीच. तोंड उघडलं. मी टेबलाखाली तिचं मनगट धरलं आणि दाबलं. खाली बसली. म्हणाली, काही नाही.

मग नेहमीची ती शांतता. खिडकीजवळची खुर्ची मागे सरकली. सगळ्यांनी ऐकलं, कुणी मान वर केली नाही. आणि माझ्या कानाशी, रागाने नाही, गोंदसारख्या मुलीला धीर देताना बोलावं तशा आवाजात, कुणीतरी म्हणालं — पोचलं.

मी तर तिच्याकडून काही शिकले नव्हते. मी धाकटीला शिकवलं, गप्प कसं राहायचं ते. त्याची पोच मास्तरणीने दिली.

२३ सप्टेंबर

व्हरांड्यातली चित्रं कोरी. सगळी. नुसत्या टाचण्या आणि पांढरे कागद.

मुली टेबलाशी बसून असतात. पेन्सिल हातात घेतात, ठेवतात. रेक्टरबाई म्हणतात, परीक्षेचा ताण.

धाकटीचंही चित्र काढणं गेलं. जाऊ दे. मी तिला पोसेन, दुसरं काही शिकेल. पण मला नीट माहीत हवं, अजून काय जाऊ शकतं. विचारलं, मास्तरणीने तुला आणखी काय शिकवलं? आठव.  मग लाजल्यासारखी म्हणाली,

“तुझ्याशी बोलायला.”

पहिल्या वर्षी ती रात्रंदिवस माझ्याबद्दल वाईट बोलायची. मास्तरीण ऐकून घ्यायची. मग एकेक शिकवायला लागली: आधी राग आला की थांबायचं, मग ताई म्हणून बघायचं, मग फोन करायचा. तो पहिला फोन तिने शेजारी बसून करायला लावला होता. मला वाटत होतं, पोर मोठी झाली, शहाणी झाली.

त्याच्या आधीची धाकटी मला माहीत आहे. आठ वर्षांची असताना तिने मला जिन्यावरून ढकललं होतं. माझा हात मोडला होता, आणि ती वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. घाबरलेली नव्हती. मी उठतेय का, ते बघत होती.

२४ सप्टेंबर, दुपार

रेक्टरबाईंना सगळं सांगितलं. धाकटीचंही. त्या म्हणाल्या, ते प्रकरण बंद झालंय, आता उकरू नका.

मग मुलींना गोळा केलं. हात जोडले. आज टेबलावर तिचं नाव घ्या, जे जे शिकलात ते सांगा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एक म्हणाली, पण मॅडम, आम्ही तिच्याकडून काही शिकलोच नाही. खोटं बोलत नव्हती. काही उरलंच नाही तर नाव घेणार कशाबद्दल —

धाकटीकडे उरलंय. एकच. अजून मला ताई म्हणते. सकाळी म्हणाली. आज टेबलावर तिने नाव घेतलं तर —

मीच गप्प बसवलं नसतं तर १९ तारखेलाच —

संध्याकाळ, उजेड आहे अजून

ती उभी राहिली. मी मान हलवली, बोल, बोल म्हणून. तिने सुरुवात केली — आज मी — आणि माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं.

म्हणाली, मला सांगण्यासारखं काही नाही. ही बाई इथे का बसलीय?

बसली. टेबलावरचा कटर उचलला. पातं पुढे, मागे. पुढे.

कुणी ‘झालं’ म्हटलं नाही.

खोलीत. कडी घातलीय.

ती बाहेर आहे. पात्याचा आवाज येतोय. ओरडत नाही. कधीच ओरडायची नाही.

“ए. दार उघड.”

खिडकीतून उडी — तिसरा मजला. हाका मारल्या. मुली ऐकतात, हलत नाहीत.

मास्तरणी, मीच अडवलं तिला. मीच. तिला सोड, माझं काय ते —

कुणी काही म्हणत नाही.

पातं थांबलं. आता रडतेय. दाराशी बसून, लहानपणी एकटी बसून रडायची तशी. तेव्हा कुणी जवळ गेलेलं तिला चालायचं नाही. मी तरी जायचे.

हे मास्तरणीला माहीत असणार. मी जाणार, हे तिला माहीत असणार.

तरी ती धाकटी आहे माझी. शिकली होती एकदा. पुन्हा शिकेल. मी शिकवीन, पहिल्यापासून, कितीही वर्षं लागली तरी. मी कडी काढते आहे, तिला आधी एवढंच सांगते की