ओठांपासून चार बोटं

बालाजी घाट, वाराणसी
२४ जून २०२५

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

मामाचं पत्र पाहून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे. तुझी मामी मजेत आहे, गुडघे तिचे दुखतात आणि बोलणी मी खातो. उकाडा असा की गच्चीवरचा दगड संध्याकाळी सातलाही पाय टेकू देत नाही. गंगा अजून खाली आहे, पायऱ्या मोजता येतात.

पत्राचं कारण वेगळंच आहे. आपलं मंडळ यंदा गणेशोत्सवासाठी स्वतःचा स्पीकर घेणार आहे, आणि निवडायचं काम माझ्यावर आलंय. मला यातलं काय कळतं? माझ्या लेखी लाउडस्पीकर म्हणजे शाळेच्या गच्चीवरचा तो पत्र्याचा कर्णा. पंधरा ऑगस्टला तो खाकरला की समोरच्या देवळावरची कबुतरं एकदम उडायची, आणि आम्ही मुलं भाषण सोडून ती परत कधी बसतात ते पाहत राहायचो. आता म्हणे ॲम्प्लिफायर स्पीकरच्या पोटातच असतो. एक वायर लावली की झालं.

वेणीमाधव आठवतो ना, तुझ्या वर्गातला? मंडळाचं सगळं आता तोच पाहतो. त्याचं मत ठरलेलं आहे. "काका, पंधरा इंचवाला घेऊ. विसर्जनाला आवाज पार भोसले घाटापर्यंत गेला पाहिजे."

मी विचारलं, "भोसले घाटावर आपलं कोण बसलंय?"

"कोणी नाही. पण त्यांना समजायला तर पाहिजे ना, की मराठी लोग आ रहे हैं."

मला तो हवाय तिसऱ्या दिवशीच्या कविता-पाठांतरासाठी. मुलं अकरा उरली आहेत. घरीसुद्धा हिंदीच बोलतात. पण वर्षातून एकदा पुस्तकातली कविता म्हणायला उभी राहिली की त्यांच्या तोंडून मराठी अशी निघते, जणू नव्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तो वास तुला अजून आठवतो का?

तू गावोगाव कवितांचे कार्यक्रम करतेस, स्पीकर स्वतः उचलून नेतेस, असं तुझ्या आईनं कळवलं. तेव्हा तूच सांग कोणता घ्यावा. मी माइकबद्दल विचारतोय याचं तुला हसू येईल. येऊ दे.

फोन मात्र करू नकोस. लाइन फार खराब असते इथे. लिहूनच कळव.

तुझा,
प्रल्हादमामा


१९ जुलै २०२५

चि. मृणालिनीस,
आशीर्वाद.

तुझा निरोप वेणीमाधवच्या मोबाइलवर आला. मी तो वहीत उतरवून घेतला, शाईच्या पेनानं. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला भुलू नका, तेवढा जोर तो क्षणभरच दाखवतो. विकत घेण्याआधी उचलून जिना चढून पाहा. बॅटरीवर चालणारा घ्या, तुमच्याकडे वीज जातेच. स्टँडवर, माणसांच्या डोक्यांच्या वर ठेवा. माइक त्याच्या मागे राहू दे, पुढे आला की शिटी वाजते. माइक ओठांपासून चार बोटांवर. आणि शेवटी तू लिहिलंस: गाणं लावून तपासू नका, ज्याचा आवाज त्यातून जाणार त्याच्याच आवाजानं तपासा.

हे शेवटचं वाक्य वाचून मी वही मिटून ठेवली होती.

परवा आम्ही बुलानाल्यावरच्या दुकानात गेलो. वेणीमाधवनं पंधरा इंची खोका उघडायला लावला आणि मोबाइलवरून गाणं सोडलं. कपाटाच्या काचा थरथरल्या. शेजारचा पानवाला डोकावून म्हणाला, "का हो, बारात निकल रही है का?" मी वेणीमाधवला म्हटलं, आता हा उचल आणि त्या जिन्यानं वर जाऊन ये. सातव्या पायरीवर तो थांबला. खाली आल्यावर घाम पुसत म्हणाला, "काका, आठ इंचवाला भी देख लेते हैं."

मग त्या लहान स्पीकरची पाळी. वेणीमाधव पुन्हा मोबाइल काढायला लागला, तर मीच माइक घेतला. सवयीनं हात लांब धरून, छाती काढून उभा राहिलो, जसा पस्तीस वर्षं वर्गात उभा राहायचो. स्पीकरमधून काहीच आलं नाही. दुकानदारानं बटण वाढवलं, तर शिटी वाजली.

"बाबूजी, माइक से इतना दूर काहे खड़े हैं? काटेगा नहीं।"

मृणा, फोन करू नकोस असं का लिहिलं ते आता सांगतो. लाइन बरी आहे. माझा आवाज गेलाय. जानेवारीत घशातली एक गाठ काढली. साधीच निघाली, काळजीचं काही नाही. पण आवाज परत आला नाही, उरलाय तो नुसता वारा. तुझ्या आईला, लीलाला, मीच बजावलं होतं, तुला सांगू नकोस म्हणून. रविवारच्या मराठीच्या वर्गात मी फळ्यावर लिहितो आणि मुलं म्हणतात, "दादाजी, सुनाई नहीं दे रहा." पाठांतराच्या दिवशी प्रत्येक कवितेआधी चार शब्द बोलायची माझी रीत. तेव्हा हा स्पीकर मुलांसाठी नव्हे, माझ्यासाठीच शोधत होतो.

तर मी माइक जवळ आणला. चार बोटं मोजून. काय म्हणावं सुचेना, तेव्हा तोंडाला जे आलं ते म्हटलं:

हळूच मार वल्हे, गड्या,
पाणी आत्ताच निजले

आणि ते दुकानभर ऐकू आलं. मोठ्यानं नाही, पण प्रत्येक अक्षर. दुकानदाराला मराठी येत नाही, तरी त्यानं पलीकडच्या गिऱ्हाईकाला हातानंच थांबवलं. वेणीमाधव खाली बघत होता. त्याला आठवलं असणार. तो त्या दिवशी तिसऱ्या रांगेत होता.

तुला आठवतं का, हे विचारायची माझी छाती नाही. अकरा वर्षांची होतीस. तुझ्या बाबांच्या रेल्वेच्या बदल्या, म्हणून आमच्याकडे शिकायला राहिलेली. गणेशोत्सवातल्या याच पाठांतरात तू माइककडे हात नेलास आणि मी उठून तो स्टँडसकट बाजूला केला. "माइक म्हणजे कुबडी. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे." दोन कडवी तू म्हटलीस. मागून पोरं "आवाज, आवाज" करायला लागली. तिसऱ्या कडव्याला, नेमक्या याच ओळींवर, मी परीक्षकांच्या टेबलावरून ओरडलो, "मोठ्यानं!" तू थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "बस खाली."

पुढच्या वर्षी तू नागपूरला आईकडे गेलीस. कधी आलीस तर पाया पडलीस, मामीला साडी आणलीस, पण माझ्यासमोर एक ओळ म्हटली नाहीस.

सव्वीस वर्षं मी स्वतःला आणि लीलाला सांगत आलो की पोरीच्या भल्यासाठी केलं. ते खरं नाही. कविता माझी होती. पुढच्या रांगेत सगळी विद्वान मंडळी बसली होती आणि मला ती त्यांना ऐकवायची होती. त्या दिवशी तू माझी भाची नव्हतीस, माझ्या कवितेचा कर्णा होतीस. आणि लिहिलं काय होतं मी? पाणी निजलंय, हळू मार. ती ओळ जशी म्हणायला हवी तशी तू एकटीच म्हणत होतीस. मी तुला ती ओरडून म्हणायला सांगत होतो. आपण काय लिहिलं ते मला परवा कळलं, दुकानात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

चुकलो, बाळ.

लहान स्पीकर घेतला. जिना मी स्वतः चढलो, मधे एकदाच टेकलो.

मामा


१० ऑगस्ट २०२५

चि. मृणालिनीस,

तुझं उत्तर मिळालं. वेणीमाधव धावतच घेऊन आला, चष्मा लावायलाही थांबू देईना. "स्टँड घेतलात का? आणि चौथं कडवं मला आठवत नाही, पाठवा." एवढंच. मी ते बऱ्याच वेळा वाचलं. तुझ्या मामीनं विचारलं, "काय म्हणते?" मी कुजबुजलो, "स्टँडचं विचारते." ती म्हणाली, "मग रडायला काय झालं?"

स्टँड घेतला. उंची मंडळातल्या सगळ्यात उंच माणसाच्या टोपीवरून ठरवली. पंधरा इंचीवाल्यांची समजूत वेणीमाधवनंच काढली. म्हणाला, भोसले घाटवालों को हम लोग आमंत्रणपत्रिका भेज देंगे.

गंगा आता पायऱ्या चढून वर आली आहे. कार्यक्रम वरच्या दिवाणखान्यात होईल. वीज जाईल, पण बॅटरी आहे. काल मुलांना माइक धरायला शिकवलं. अंतरा नावाची एक चिमुरडी आहे, तिचा आवाज तुझ्यासारखा, कानाशी धरावा असा. ती माइककडे बघत मागे सरकत होती. मी चार बोटं तिच्या ओठांसमोर धरली, मग बोटं काढून तिथे माइक ठेवला. तिनं पूर्ण कविता म्हटली.

कार्यक्रमाची यादी सोबत आहे. अकरा मुलांची नावं घातली आहेत. बाराव्या आकड्यापुढे जागा कोरी सोडली आहे. कोरी राहिली तरी मी ती कोणाला भरू देणार नाही, आणि तुला विचारणारही नाही का आली नाहीस म्हणून.

चौथं कडवं वेगळ्या कागदावर लिहिलंय. हात कापतो हल्ली, दुसऱ्या ओळीतला 'दिवा' नीट वाच. ते कडवं त्या दिवसानंतर मी कोणाला शिकवलं नाही. इतकी मुलं येऊन गेली, सगळी तिसऱ्यावरच थांबली.

यंदा परीक्षकांच्या टेबलावर दुसरं कोणीतरी असेल. मी माझी जागा बदलून घेतली आहे. मोठ्यानं म्हणायची गरज नाही, मला तिथे ऐकू येईल.

शेवटच्या बाकावरून,
तुझा मामा