परत आणणारी गाडी

ती. आई,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे. बोटं जरा गारठलीत, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

बर्फात गाड्या चालवून बघणं हेच इथलं माझं काम. काल लिथियम बॅटरीच्या गाडीने अर्ध्या वाटेत मान टाकली, चालत आले. तू विणलेले मोजे होते गं पायात! आज सोडियमवाली नेली. वजनाने जड, एका चार्जमध्ये एरवी कमीच पळणारी, पण थंडीत कुरकुर न करता परत घेऊन आली.

साहेब विचारतात, "किती लांब जाते?" म्हटलं, "माझी आई विचारेल, परत कधी येते?"

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या घेतात ना?

आणि ते 'परत कधी' मला मात्र एवढ्यात विचारू नकोस.

तुझं शेंडेफळ