इंद्रधनुष्य, दहा फूट बाय चार

२ जुलै
पोहोचलो. विमानात डोळ्याला डोळा लागला नाही, पण तक्रार करणार नाही. सेवेला आलोय. बाबा म्हणतात, घरी स्वतःचं ताट उचलत नाहीस आणि निघालास परक्या देशातल्या मुलांचं भलं करायला. बाबांना व्हिजनच नाही.
चौदा दिवस काढायचे, शेवटी शाळेच्या बाईंकडून शिफारसपत्र घ्यायचं. पत्र असेल तरच स्कॉलरशिप. मावसभावाला गेल्या वर्षी मिळालं. त्याने केलं काय, तर झोपाळा बांधला.

३ जुलै
शाळा म्हणजे एक खोली, बारा मुलं, एक बाई. बाईंच्या चेहऱ्यावर कृतज्ञता दिसली नाही. लाजाळू असाव्यात. तेरा तारखेला मुलांची मोठ्या शाळेसाठी प्रवेशपरीक्षा आहे. बाई म्हणाल्या, रोज वह्या तपासून द्या. एवढ्यासाठी मी समुद्र ओलांडला नाही.
ठराव : मागे काहीतरी भव्य ठेवून जायचं.

४ जुलै
हात धुवायला शिकवलं. मुलांना सगळ्या पायऱ्या तोंडपाठ. हे शिकवणारी आमची स्वयंसेवकांची ही नववी तुकडी म्हणे. पहिल्या बाकावरच्या मुलीने माझीच एक पायरी दुरुस्त केली. आगाऊ कार्टी.

६ जुलै
वह्या तपासल्या. तीन. एका भागाकारात माझंच चुकलं, असं त्याच मुलीचं म्हणणं. पोरांशी वाद घालत नाही मी. (नंतर कॅल्क्युलेटरवर पाहिलं. गणितच बोगस होतं.)

८ जुलै, दुपारी
बाई पहाटे सहाला वर्ग सुरू करतात. अमानुष. मी साडेदहाला जातो, तोवर मुलं वह्या घेऊन अंगणात. आज रिकाम्या खोलीत नीट पाहिलं. समोरच्या भिंतीवर ओलीचा भलामोठा काळाकुट्ट चौकोन, खाली पांढरी धूळ साचलेली. त्याकडे तोंड करून मुलं रोज बसतात आणि कोणाला काही वाटत नाही! ही मानसिकता.
माझ्या तुकडीतल्या गिटारवाल्याला शंका : ओल अशी सरळ रेषेत कशी पसरेल? म्हटलं, कधीकधी पसरते.

१० जुलै, शाळेला सुट्टी
बाई गावाला. ऑइलपेंटचे दोन हात. इंद्रधनुष्य, खाली कोपऱ्यात माझं नाव. दुकानदार म्हणाला, पंधरा वर्षं हलणार नाही. झोपाळा कुठे, हे कुठे!

११ जुलै
बाई दारातच थांबल्या. भारावल्या, असं वाटलं. मग म्हणाल्या, "तो फळा होता."
फळा भिंतीवरच रंगवतात हे मला कसं कळणार? आमच्या शाळेत स्क्रीन होता. सॉरी म्हटलं, पण मोघम. चूक कबूल केली की ती पत्रात उतरते.

१२ जुलै
परीक्षा उद्या. मुलं सकाळपासून सँडपेपरने भिंत घासतायत. मीही घासली असती, पण धुळीने शिंका येतात. गिटारवाला घासतोय. चमचा. ती मुलगी एका हाताने घासत होती, दुसऱ्या हातात वही. पाहवेना. बाहेर जाऊन बसलो.
आईचा फोन : पत्राचं विचारलंस का? म्हटलं, मसुदा तयार आहे. 'नेतृत्व', 'दूरदृष्टी', सगळं घातलंय. बाईंनी फक्त सही करायची.

१५ जुलै
बाईंनी मसुदा बाजूला सारला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर सुरेख आहे.
"या विद्यार्थ्याने आमचा एकुलता एक फळा रंगवला. तो पुन्हा काळा करण्यात मुलांचा परीक्षेच्या आधीचा दिवस गेला. त्या दिवशी भागाकाराची उजळणी व्हायची होती. परीक्षेत भागाकाराची चार गणितं आली."
खाली बारा मुलांच्या सह्या.
तीनदा वाचलं. खोटं एकही वाक्य सापडलं नाही. हे कुठल्याच अर्जाला जोडता येणार नाही. स्कॉलरशिप गेली.

१६ जुलै, विमानतळ
नवी तुकडी भेटली. फारच उत्साही. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, शाळेला नक्की कशाची गरज आहे?
चौदा दिवस तिथे होतो. तरी म्हटलं, बाईंना विचार.