मृगाच्या ताऱ्यांतले काजळ

मी, शेख जमशेद वल्द शेख निजामुद्दीन, वय एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार रिसोड, तालुके वाशीम, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

१. घर व दुकान लेक शाहजादीकडे राहावे. भाऊबंदांनी शरियतीप्रमाणे होईल तो हिस्सा घ्यावा, पण कॅमेऱ्याला हात लावू नये. प्लेट धुण्यात पोरगी माझ्याहून सफाईदार आहे. हे तिला तोंडावर कधी बोललो नाही, ही माझी चूक.

२. दुर्बिणीची काच मी दोन वर्षे हाताने घासली. ती शाळेला देणार होतो. शाळेत जगदेव मास्तर आहेत, म्हणून देत नाही. तीही शाहजादीची.

३. मृगाच्या बाणाखालच्या तेजोमेघाची काचेची प्लेट, हीही शाहजादीची. मधल्या थोर ताऱ्याने भोवतालचा ढग, फुंकरीने चुलीतली राख सरावी तसा पोकळ केला आहे, तो तिच्यात स्वच्छ दिसतो. आकाश सरकते, म्हणून पाऊण तास मी दुर्बिणीचा स्क्रू केसाकेसाने फिरवत होतो. मास्तर शेजारी गोधडीत घोरत होते.

सकाळी माझी बायको रहमतबी काजळ घालता घालता आली. "येवढ्यासाठी जागले का वो तुमी?" म्हणत तिने काचेच्या पाठीवर बोट टेकवले. मोहरीएवढे काजळ लागले. प्लेटवर काळे ते कागदावर पांढरे, म्हणून कॉपीत तिथे एक तारा उमटला. मी हसलो, पुसले नाही.

लेख लिहितो म्हणून मास्तरांनी कॉपी नेली. मासिकात फोटो त्यांच्या नावाने आला, वर "मला सापडलेला नवा तारा"! अकोल्यात शाल मिळाली. मी जाब विचारला तर म्हणाले, "काहून चिडून राह्यला, जमशेद? फोटूवाल्याचं नाव कोन वाचते?"

वीस वर्षांचा दोस्त. फार लागले, अजून लागते.

काजळ पुसून नवी कॉपी काढली असती, तर तारा नाहीसा होऊन चोरी उघडी पडली असती. पण त्याच वर्षी रहमतबी गेली. तिच्या बोटाची तेवढीच खूण उरली. मला पुसवले नाही, आणि दुसऱ्या कोणाचे बोट फिरेल या भीतीने प्लेट कोणाला दाखवलीही नाही. नऊ वर्षे गप्प बसलो.

४. शाहजादी, तूही पुसू नकोस. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी लोक जमतील, तेव्हा हा कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. प्लेट उन्हात तिरपी धरून काजळ दाखव. मास्तरांच्या हातात देऊ नकोस.

५. साक्षीला मास्तरांनाच बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, आणि दुसऱ्याच्या कामाखाली आपले नाव घालताना ते वाचत बसणारे नव्हेत.

रिसोड, ता. १४ फेब्रुवारी १९३६
सही: शेख जमशेद

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:
१. धनसिंग खेमा, शेजारी
२. जगदेव नानाजी, हेडमास्तर, नवताऱ्याचे शोधक