पांढरा टॉवेल वर

३ फेब्रुवारी १९८६, लाइपझिग
टॉवेल पुन्हा उलटे! मी पांढरा वर ठेवते, निळा खाली. आज निळा वर. राहते एकटी, कुलूप लावून जाते. मग मीच केलं की काय?

५ फेब्रुवारी
चहाच्या डब्यात पुदिन्याची पानं निघाली. मी पुदिना तोंडालाही लावत नाही. गंमतच आहे! वीस वर्षं प्रयोगशाळेत नदीचं पाणी तपासलं, आता स्वतःचं डोकं तपासते. रोज निघताना घर कसं सोडलं ते इथे लिहायचं. वही गादीखाली.

१० फेब्रुवारी
सकाळची नोंद – तीन कप, कान डावीकडे. संध्याकाळी कान उजवीकडे. पैसे मात्र जागच्या जागी. असला कसला चोर!
शेजारच्या लोटेला सांगितलं. म्हणाली, "अगं इर्मा, पन्नाशीनंतर असंच होतं. माझा चष्मा परवा फ्रिजमध्ये सापडला." दोघी हसलो. मला ते हसू फार वेळ पुरलं नाही.

१३ फेब्रुवारी
प्रयोगशाळेचे प्रमुख कुनर्टसाहेब यांनी बोलावून कॉफी दिली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. नदीतल्या विषाचे आकडे मी परस्पर बर्लिनच्या मंत्रालयाला कळवले, त्याबद्दल रागाचा एक शब्द नाही. उलट काळजी! "पोलेबाई, तुम्ही थकलात. घरात वस्तू इकडच्या तिकडे होतात का हल्ली?" मग कागद पुढे सरकवला. मनाच्या आजारामुळे लवकर पेन्शन, फक्त सही करायची. म्हणजे माझे आकडे वेडीचे ठरणार. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे.
त्यांना कसं कळलं? लोटे बोलली असेल?

१६ फेब्रुवारी
खरं लिहून टाकते. आईला वेड्यांच्या इस्पितळात नेलं, त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ सव्वाचारला थांबलं होतं. ते पुन्हा तसं थांबलेलं दिसलं, तर मी मुकाट सही करीन.

१८ फेब्रुवारी
काहीच हललं नाही. जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

१९ फेब्रुवारी
घड्याळ थांबलंय. सव्वाचार.

२० फेब्रुवारी
आई गेली ती स्वतःच्या पलंगावर, एक्याऐंशीव्या वर्षी, सूप अळणी झालं म्हणून कटकट करत. तिला कुणी कुठेही नेलं नव्हतं. सव्वाचारची गोष्ट मी रचली, आणि ती या पानाशिवाय कुणालाच सांगितली नाही. लोटेलासुद्धा नाही.
डोकं शाबूत आहे माझं! उद्या मी सही करणार नाही. वाचताय ना? मग जाताना घड्याळाला किल्ली द्या. आणि टॉवेल – पांढरा वर.