मालूचे न आलेले दात

ता. ४ फेब्रु. १९३६, मंगळ.
मालू आजही शाळेत गेली नाही. म्हणे पोटात दुखतंय. खरं कारण शेजारच्या गोदूनं सांगितलं, वर्गातल्या मुली तिला 'खिडकी' म्हणून चिडवतात. तेरावं लागलं तरी वरच्या दोन मोठ्या दातांच्या बाजूचे दात आलेच नाहीत. समजूत घालायला जवळ गेले, तर उठून परसात गेली. तिची आई गेली तेव्हा सात वर्षांची होती, मी या घरात आले तेव्हा नऊ.

८ फेब्रु., शनि.
ह्यांना कचेरीतून सुटी नाही. मीच तिला लष्कराच्या कँपातल्या दातांच्या डॉ.कडे नेलं. ते दोन दात मुळातच नाहीत, येणारही नाहीत. शिवाय उजवा सुळा वाट सोडून टाळूत शिरलाय. डॉ. म्हणाले, "एक दात नसला की शेजारचा असा भरकटतो, पुष्कळ मुलांत पाहिलंय. बहुधा घराण्यातूनच येतं. बाई, तुमचे दात बघू."
मी तोंड उघडणार, तोच मालू म्हणाली, "ह्या माझ्या आई नव्हेत."
खासबागेतल्या घरापर्यंत चालत आलो. मालू चार पावलं पुढं.

९ फेब्रु.
ह्यांना विचारलं, पहिलीचे दात कसे होते? "हसताना पदर धरायची. नीट आठवत नाही." नऊ वर्षांचा संसार, आणि... असो. फोटोत तोंड मिटलेलंच आहे.

१६ फेब्रु., रवि.
मालूला घेऊन नंदगडला, तिच्या सख्ख्या मावशीकडे, आक्कांकडे. सवतीचं माहेर. पाय उचलत नव्हता. पण आक्कांनी "या या" म्हणत हातात पाण्याचा तांब्या दिला, हसल्या, आणि त्यांचा सुळा दिसला. पार वर हिरडीत, तिरका.
मालूनंही पाहिलं. "माझ्या आईचे दात कसे होते?"
"तुझ्यावानीच की गं! ह्ये दोन न्हवतंच तिला. लई लाजायची. पर एकदा हसू फुटलं की पदराचं भान न्हाय ऱ्हायचं बघ."
मालूनं आरसा मागितला. कितीतरी वेळ बघत राहिली. मग आरशातच हसली, अगदी दात दिसेपर्यंत. मला तिथं थांबवेना.

२० फेब्रु.
डॉ.ची चिठ्ठी. दुधाचा सुळा अजून तसाच आहे, तो काढून आतला खाली येतो का पाहू. फटीत खोटे दात बसवता येतील. हे म्हणतात, लगेच बसवा, उद्या स्थळं बघायची. मालू म्हणते, खोटे नकोत. आठवड्यापूर्वी मीही बसवाच म्हटलं असतं. आता वाटतं, आईचं एवढंच तर आलंय तिच्याकडे. पण लोक थोडेच हे समजून घेणार...

२३ फेब्रु., रवि.
वेणी घालताना मालूनं विचारलं, "सुळा काढताना दुखंल का?"
"थोडं दुखेल."
"तुम्ही आत थांबणार?"
"थांबेन की."
शनिवारी जायचं ठरलं. खोट्या दातांचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. ह्यांना काय सांगायचं, ते शनिवारपर्यंत बघू.